पाहुण्यांची पानं मोजताय? डेटाबेसमध्ये या चुका टाळा

मामेबहिणीच्या लग्नात पानांचा हिशेब माझ्याकडे होता. हॉल दादरला, पाहुणे गिरगावापासून विरार-बदलापूरपर्यंतचे. हळदीच्या दिवशी दुपारचं आणि रात्रीचं जेवण, दुसऱ्या दिवशी लग्नाचं. मी एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये एकच टेबल केलं: कुटुंब, किती जण, जेवण कसलं. हळदीच्या दिवशी संकष्टी होती. दुपारी सगळ्यांची पानं वाढून झाली आणि मामीच्या आई नुसतं ताक पिऊन उठल्या. त्यांच्या उपासाची नोंद माझ्याकडे नव्हती असं नाही. "४ जण, सूनबाई जैन, आजींचा उपास" असं एका रकान्यात लिहिलेलं होतं. मी बेरीज मारली तेव्हा ते वाक्य कुठल्याच आकड्यात आलं नाही.

एका ओळीत अख्खं कुटुंब

सगळ्या चुकांचं मूळ हेच आहे. केटरर विचारतो "पानं किती?", म्हणून डेटाबेसमधली एक ओळ म्हणजे एका माणसाचं एका वेळचं एक पान असायला हवी. एका रकान्यात एकच गोष्ट, हा नियम एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या रिलेशनल मॉडेलच्या, म्हणजे माहिती टेबलांत मांडण्याच्या पद्धतीच्या, पायाशीच आहे.

मग निदान जेवणाचा प्रकार पाहुण्याच्या नावापुढे लिहावा, असं वाटतं. तिथेही फसगत होते. संकष्टीला आजींचं दुपारचं पान उपासाचं, पण चंद्रोदयानंतर त्याच आजी वरणभात जेवणार. म्हणजे प्रकार माणसाला चिकटलेला नाही, माणूस आणि जेवण या जोडीला चिकटलेला आहे. म्हणून चार टेबलं करा: पाहुणे, जेवणं, प्रकार आणि पानं. शेवटच्यात पाहुण्याचा क्रमांक, जेवणाचा क्रमांक, प्रकाराचा क्रमांक आणि येणार की नाही याची स्थिती एवढंच. पाहुणा आणि जेवण ही जोडी युनिक ठेवा, म्हणजे काकांनी आणि काकूंनी वेगवेगळं कळवलं तरी एकाच माणसाची दोन पानं होणार नाहीत.

अ‍ॅलर्जी मात्र दर जेवणाला बदलत नाही, ती पाहुण्यांच्या टेबलातच हवी. आणि ती विसरू नका. उपासाच्या साबुदाणा खिचडीत दाण्याचं कूट असतंच. ज्याला शेंगदाणा चालत नाही त्याच्या नावावर उपासाचं पान लागलं, तर ते यादीत ठळक दिसायला हवं.

प्रकार हाताने लिहिणं

उपास, उपवास, फराळी. जैन, "जैन" आणि पुढे एक स्पेस. मोजताना हे सगळे वेगवेगळे प्रकार होतात. प्रकारांचं टेबल यासाठीच असतं: भरणाऱ्याने यादीतून निवडायचं, टाइप करायचं नाही. एसक्यूलाइट वापरत असाल तर फॉरेन की, म्हणजे पानातला प्रकार प्रकारांच्या टेबलात असलाच पाहिजे ही अट, नुसती लिहून भागत नाही. प्रत्येक कनेक्शनला "प्राग्मा फॉरेन कीज" ही सेटिंग ऑन करावी लागते, नाहीतर यादीत नसलेला प्रकारही निमूट आत जातो.

अंकांचंही तसंच. माझ्या पहिल्या टेबलात बहिणीने काही ठिकाणी मराठी कीबोर्डवरून ४ लिहिला होता. एसक्यूलाइटला देवनागरी अंक म्हणजे नुसती अक्षरं, त्यामुळे 'सम', म्हणजे बेरीज, काढताना त्यांची किंमत शून्य धरली गेली. एरर आली नाही, आकडा फक्त कमी आला. एका पानाला एक ओळ असेल तर बेरजेची वेळच येत नाही, येणाऱ्यांच्या ओळी मोजायच्या.

रिकामा रकाना

उत्तर न देणारा आणि "येत नाही" म्हणणारा, हे दोघे एक नाहीत. दोघांसाठी रकाना रिकामा सोडलात तर फोन कोणाला करायचा तेच कळणार नाही. पानाच्या ओळीत "येणार", "नाही", "उत्तर बाकी" अशी स्थिती वेगळी ठेवा. शिवाय "प्रकार जैन नाही" अशी अट लावली की प्रकार रिकामा असलेल्या ओळीही गळतात, कारण नलची, म्हणजे रिकाम्या किमतीची, तुलना खरीही ठरत नाही आणि खोटीही.

आकडा जुळत नसेल तर

पानं जास्त दिसतायत? बहुतेक वेळा जॉइनमुळे, म्हणजे दोन टेबलं जोडल्यामुळे. आम्ही फोन नंबरांचं वेगळं टेबल जोडलं आणि दोन नंबर असलेल्या प्रत्येकाचं पान दुप्पट झालं. जॉइनच्या आधी आणि नंतर ओळी मोजून बघा, घोळ लगेच सापडतो. मोजणीच्या क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात, फोनचं टेबल आणूच नका.

एखादा प्रकार यादीतच येत नाही? त्याचं पान नसेल तर नुसत्या ग्रुप बायमध्ये, म्हणजे प्रकारवार मोजणीत, तो दिसणारच नाही, आणि केटररला "जैन ० पानं" हेही स्पष्ट सांगावं लागतं. प्रकारांच्या टेबलापासून सुरुवात करून पानांना लेफ्ट जॉइन लावा, त्यात पान नसलेला प्रकारही टिकतो. कुठलं जेवण आणि "येणार" या दोन्ही अटी 'ऑन'मध्ये, म्हणजे टेबलं जोडण्याच्या अटीतच, लिहा. 'व्हेअर'मध्ये, म्हणजे जोडून झाल्यावरच्या गाळणीत, लिहिल्यात की शून्यवाले प्रकार पुन्हा गायब. आणि मोजणाऱ्या 'काउंट'मध्ये तारा (*) न टाकता पाहुण्याचा क्रमांक टाका, नाहीतर शून्याच्या जागी १ येईल.

एकूण आकडा टेबलात साठवू नका, दर वेळी मोजा. केटररला ज्या दिवशी जो आकडा कळवला तो मात्र तारखेसह वेगळा लिहून ठेवा, वाद झाला तर तोच कामी येतो. फाइल एकाच्याच हातात असू द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली की दोन प्रती होतात आणि दोन्हीत वेगवेगळे बदल होतात.

आकडा कळवण्याआधी प्रत्येक जेवणासाठी एक पडताळणी करा: येणारे, न येणारे आणि उत्तर बाकी असलेले यांची बेरीज पाहुण्यांच्या एकूण संख्येइतकी यायला हवी. एकाचाही फरक पडला तर केटररला फोन लावू नका, आधी तो माणूस शोधा.