घर तारण ठेवायच्या आधी: नागपूरकरांसाठी तयारीची यादी

बँकेची पायरी चढण्याआधी पैसा कशाला हवा ते एका ओळीत लिहून काढा आणि घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. वरचा मजला बांधायचा, मुलीची मेडिकलची फी भरायची, दुकानात माल भरायचा, की तीन कार्डांची थकबाकी एकदाची मिटवायची? कारण बदललं की कर्जही बदलतं. जुनं गृहकर्ज चालू असेल आणि हप्ते वेळेवर जात असतील, तर आधी त्याच बँकेत टॉप-अप, म्हणजे त्याच घरावर वाढीव कर्ज, विचारा. व्याज बहुतेक वेळा मालमत्ता तारण कर्जापेक्षा कमी पडतं आणि मूळ कागद तिथंच असल्यानं धावपळही वाचते. शिक्षणासाठी आधी शैक्षणिक कर्ज पाहा, घराला हात नंतर. लग्नाचा थाट, नवी गाडी किंवा शेअर बाजारातली कुणाची तरी टीप, यासाठी राहतं घर अडकवू नये असं माझं सरळ मत आहे. कोणाला जुनाट वाटलं तरी चालेल.

मग कागद. नागपुरात खरी मेख इथंच आहे, म्हणून यासाठी वेळ राखून ठेवा. मानेवाडा, हुडकेश्वर, बेसा या बाजूला शेतीचे तुकडे पाडून टाकलेल्या लेआऊटमध्ये घर असेल, तर पहिला प्रश्न येतो तो 'आरएल आहे का?' हा. २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली प्लॉट नियमित झाल्याचं हे पत्र. नुसती डिमांड (प्लॉट नियमित करायला मागितलेली रक्कम) भरल्याची पावती असून भागत नाही. पत्र हातात हवं, आणि ते आत्ताच्या मालकाच्या नावाशी जुळायला हवं. बाजारात प्लॉटला कितीही भाव असो, आरएल नसेल तर बऱ्याच बँका फाइल पुढं सरकवतच नाहीत. मग माणूस जास्त व्याजाच्या खासगी फायनान्सकडं वळतो. तसं करण्यापेक्षा चार महिने थांबून कागद सरळ करून घेतलेले परवडतात.

घर नागपूर सुधार प्रन्यासच्या लीजच्या (भाडेपट्ट्याच्या) प्लॉटवर असेल, तर लीजचं नूतनीकरण झालंय का, भुईभाडं भरलंय का ते बघा आणि गहाण ठेवण्यासाठी लागणारं नाहरकत पत्र कसं मिळतं ते सदर भागातल्या प्रन्यासच्या कार्यालयात आधीच विचारून या. नझूलच्या (शहरातल्या सरकारी) जागेचंही तसंच, फक्त खिडकी जिल्हाधिकारी कार्यालयाची.

आता विक्रीपत्र काढा आणि त्यातलं मालमत्तेचं वर्णन बोट ठेवून वाचा. मौजा, प.ह.नं. (पटवारी हलका नंबर), खसरा (जमिनीचा सर्व्हे) क्रमांक, प्लॉट क्रमांक, क्षेत्रफळ, चारही बाजूंच्या चतुःसीमा. हेच आरएलमध्ये, आखीव पत्रिकेत (शहरातल्या जमिनीच्या मालकीचा उतारा) आणि घरटॅक्सच्या पावतीवर तसंच्या तसं आहे का? एका ठिकाणी प्लॉट २४ आणि दुसरीकडं २४-ए, एवढ्याशा फरकावर वकिलाचा सर्च रिपोर्ट (मालकीच्या जुन्या नोंदी तपासल्याचा अहवाल) अडकतो आणि चूकदुरुस्ती पत्र करत बसावं लागतं. शेवटी मंजूर नकाशा. मंजुरी तळमजल्याची, आणि भाडेकरू मात्र वरच्या मजल्यावर राहतो, ही आपल्याकडं घरोघरची गोष्ट. बँकेचा व्हॅल्युअर (किंमत ठरवणारा) टेप लावून मोजेल, फोटो काढेल, पण नकाशात नसलेला मजला हिशेबात धरेलच असं नाही. 'घर साठ लाखांचं आहे' हे तुमचं म्हणणं इथं चाळीसवर येऊ शकतं.

महाल-इतवारीकडच्या जुन्या वाड्यांची गोष्ट निराळी. तिथं कागद असतात, पण ते आजोबांच्या नावावर. वारसांची नोंद झाली का, ते आधी बघा. बहिणींना विचारल्याशिवाय तर पाऊलच टाकू नका. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा वाटा मुलाइतकाच झाला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. बहिणीनं हक्कसोड करावी म्हणून रक्षाबंधनाला स्टॅम्प पेपर घेऊन जाणारे भाऊ असतात. सही मिळते, बहीण जाते. त्यापेक्षा तिलाही बसवून हिशेब दाखवा.

किती कर्ज मिळेल, हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा. बँका साधारणपणे व्हॅल्युएशनच्या निम्म्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत देतात आणि त्यात आधीचं कर्ज वजा होतं. पहिला प्रश्न हप्त्याचा. १० लाख रुपये १० टक्क्यांनी १५ वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे १०,७४६ रुपये आणि एकूण परतफेड १९ लाखांच्या वर. तेच १० वर्षांत फेडलं तर हप्ता सुमारे १३,२१५, पण एकूण १६ लाखांच्या आत. अर्ज करण्याआधी तीन महिने तेवढी रक्कम आवर्ती ठेवीत टाकून बघा. मे महिन्यात कूलरचं वीजबिल आणि जूनमध्ये शाळेची फी भरूनही ती निघाली, तर कर्ज झेपेल. वरच्या मजल्याचं भाडं हप्त्यात धरू नका. भाडेकरू सोडून जातो तेव्हा बँक थांबत नाही. हप्ते ९० दिवस थकले की खातं बुडीत धरलं जातं आणि सरफेसी कायद्याखाली (तारण घर जप्त करून विकायचा अधिकार बँकेला देणारा कायदा) ६० दिवसांची नोटीस येते.

साठी ओलांडलेल्यांनी मुलांच्या आग्रहाखातर सही करण्याआधी रिव्हर्स मॉर्गेजची चौकशी करावी. २००७ पासून ही सोय आहे: घर स्वतः कमावलेलं आणि राहतं हवं, बँक ठरावीक रक्कम देत राहते, हयात असेपर्यंत घर सोडावं लागत नाही, आणि त्या पैशावर आयकर नाही. नंतर वारसांना कर्ज फेडून घर ठेवता येतं. आपल्याकडं फार कमी लोक हे घेतात, कारण 'घर पोरांसाठी' हे डोक्यात पक्कं बसलेलं. पोरं पुण्यात किंवा बंगळुरात स्थिरावलेली असतात, ते अलाहिदा.

बँकेत गेल्यावर मुख्य तथ्य विवरण मागा. व्याज, प्रक्रिया शुल्क, विमा सगळं धरून वर्षाचा खरा दर त्यात असतो. दर फ्लोटिंग (बदलता) आहे का आणि तो किती महिन्यांनी बदलतो, ते विचारा. घरगुती कारणासाठी व्यक्तीनं घेतलेल्या फ्लोटिंग कर्जावर मुदतीआधी फेडीचा दंड लागत नाही. व्यक्तीनं व्यवसायासाठी घेतलेल्या फ्लोटिंग कर्जालाही, ते १ जानेवारी २०२६ पासून मंजूर झालेलं असेल तर, बहुतेक बँकांत ही सूट आहे. विमा गळ्यात मारला जात असेल, तर तो कर्जासाठी सक्तीचा आहे असं लेखी द्या म्हणावं. बहुतेक वेळा विषय तिथंच संपतो.

मूळ कागद जमा करताना प्रत्येकाची पानांसह यादी करून त्यावर बँकेचा सही-शिक्का घ्या आणि सगळ्याच्या झेरॉक्स घरी ठेवा. कर्ज फिटल्यावर बँकेनं ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे असतात. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. ती मागायची वेळ आली तर हीच यादी पुढं ठेवायची.