मोठ्या संख्येचे मूळ अवयव काढताना या चुका टाळा

उदाहरणाला एकच संख्या घेऊ: १८४४६७४४०७३७०९५५१६१७. वीस अंकी, म्हणजे २^६४ (२ चा ६४ वा घात) + १. २ च्या २^म या घातात १ मिळवून येणाऱ्या संख्यांना फर्मा संख्या म्हणतात; म शून्यापासून मोजला तर ही सहाव्या क्रमांकाची. तिचे मूळ अवयव दोनच, २७४१७७ आणि ६७२८०४२१३१०७२१. लँड्री या फ्रेंच गणितीने ते १८८० साली, वयाच्या ८२ व्या वर्षी, हाताने शोधले. आपल्या हाताशी संगणक आहे, तरी नेमकी हीच संख्या भल्याभल्यांना चकवते.

संख्या एक्सेलमध्ये टाकणे. एक्सेल पंधराच अंक जपतं, पुढच्या अंकांची शून्यं करतं. सेलमध्ये उरते १८४४६७४४०७३७०९५०००००. तिला २ ने आणि ५ नेही भाग जातो! मूळ संख्येचा शेवटचा अंक मात्र ७ आहे.

पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेला पूर्णांक कितीही मोठे चालतात, पण भाग जातो का हे / या दशांश उत्तर देणाऱ्या चिन्हाने तपासाल तर फसाल. २^६४ ला २७४१७७ ने / वापरून भागा: उत्तर ६७२८०४२१३१०७२१.० असं स्वच्छ येतं, प्रत्यक्षात भाग जातच नाही. बाकी % ने पाहा, पूर्णांकी भागाकार // ने घ्या.

एकाच पायावर (चाचणीसाठी निवडलेल्या एकाच संख्येवर) 'मूळ आहे' म्हणणे. सगळ्यात महागात पडणारी चूक ही. आपल्या संख्येला न म्हणू. न ने भागताना २^६४ ची बाकी −१ (म्हणजे न − १) येते, म्हणून २^१२८ ची १. न − १ = २^६४ ला १२८ ने भाग जातो, त्यामुळे २ चा (न − १) वा घातही बाकी १ देतो आणि एवढंच बघणारी फर्माची चाचणी न ला पास करते. मिलर-राबिन ही त्याच धर्तीची चाचणी जास्त कडक खरी, पण घात वाढवताना मधल्या पायरीला −१ दिसलं की तीही समाधान मानते. २ हा पाया इथे निरुपयोगीच.

त्याऐवजी ३ घ्या. त्याचा वर्ग करा, न ने भागून बाकी ठेवा, मग त्या बाकीचा वर्ग, असं ६३ वेळा. शेवटी न − १ आलं तरच फर्मा संख्या मूळ; इथे ते येत नाही. (आधी पूर्ण घात काढून मग बाकी घ्यायला गेलात तर मेमरी संपेल, उत्तर येणार नाही.) इतर कुठल्याही वीस अंकी संख्येसाठी मिलर-राबिन २ ते ३७ या पहिल्या बारा मूळ संख्यांवर चालवा, एवढ्या आकारापर्यंत तो निकाल पक्का असतो.

२, ३, ५, ७ करत सरळ चालत जाणे. २७४१७७ च्या आत सुमारे २४ हजार मूळ संख्या आहेत. पण या फर्मा संख्येचा प्रत्येक मूळ अवयव २५६क + १ अशाच रूपाचा असतो. क = १०७१ ला पहिला अवयव हाती लागतो, म्हणजे फार तर १०७१ भागाकार. संख्येचं रूप माहीत असेल तर आधी ते वापरा.

अवयव सापडल्यावर जुनीच मर्यादा ठेवणे. अवयव शोधायचे ते संख्येच्या वर्गमूळापर्यंतच; सुरुवातीचं वर्गमूळ ४२९ कोटींच्या घरात होतं. उरलेल्या भागाकाराचं वर्गमूळ फक्त ८२ लाखांच्या आसपास आहे. मर्यादा नव्याने काढा आणि शोध २७४१७७ पासूनच पुढे न्या, तोच अवयव पुन्हा येतो का हे बघत. २५६क + १ रूपाचे सुमारे ३१ हजारच उमेदवार उरतात. तेवढे तपासल्याशिवाय तो चौदा अंकी भागाकार मूळ आहे असं लिहू नका.

पोलार्डच्या ऱ्हो पद्धतीत वाईट सुरुवात. ही पद्धत क्ष च्या जागी दरवेळी क्ष² + स ची न ने भागून येणारी बाकी ठेवत जाते आणि अशा दोन संख्यांच्या फरकाचा न शी मसावि काढून अवयव शोधते. क्ष² + स मध्ये स = ० आणि क्ष = २ घेतलंत तर ४, १६, २५६ करत गाडी −१ वर येते, मग १ वर कायमची अडकते. मसावि म्हणून पूर्ण न च परत मिळतो. ० आणि −२ सोडून दुसरा स घ्या. तरीही मसावि न आला, तर प्रोग्राम चुकला असं समजू नका; स बदलून पुन्हा चालवा. २७४१७७ एवढ्या अवयवासाठी काही शे ते हजारभर फेऱ्या सहसा पुरतात.