भित्तिपत्रकावर यासर अराफत

साताऱ्यातल्या कॉलेजच्या भित्तिपत्रकासाठी एक कार्डशीट पुरे. मथळा दोन इंची, बाकी मजकूर चार फुटांवरून वाचता यावा. पहिली चूक जन्मस्थळाची होते. पॅलेस्टिनी नेते अराफत जेरुसलेम सांगत, पण नोंद कैरोची, १९२९. फतह आणि पीएलओ एकच समजू नका. फतह ही पॅलेस्टिनी राजकीय संघटना, त्यांनी साथीदारांसह काढलेली. पीएलओ (पॅलेस्टाईन मुक्ती संघटना) ही अनेक गटांची संघटना, तिचे अध्यक्ष ते १९६९ मध्ये झाले. निम्मी जागा पुढच्या काळाला द्या: १९८२ ला बैरूत सोडून ट्युनिस, १९८८ ला अल्जियर्समध्ये पॅलेस्टाईन राष्ट्राची घोषणा (भारताची मान्यताही त्याच वर्षी), १९९३ चा इस्रायलशी ओस्लो करार. १९९४ चं शांततेचं नोबेल एकट्याचं लिहू नका, इस्रायलचे राबिन आणि पेरेसही होते. मृत्यू २००४, पॅरिसजवळ, दफन रामल्लात. विषबाधेची चर्चा ठळक अक्षरात नकोच, ती सिद्ध झालेली नाही.