रोग पात्र घडवताना या चुका टाळा

डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकून, पात्रे रंगवून टेबलाभोवती खेळायचा खेळ खेळणाऱ्या मराठी माणसाची अडचण 'रोग' (rogue, म्हणजे चोराच्या पठडीतले पात्र) या नावापासूनच सुरू होते. आमच्या घरी रविवारचा डाव रंगात आला असताना एक मित्र आनंदाने ओरडला, "माझा रोग पाचव्या लेव्हलला पोहोचला!" त्यावर स्वयंपाकघरातून आईने काळजीच्या सुरात विचारले, "अरे, मग डॉक्टरांना दाखवलं की नाही?" इतकी वर्षे डीएम (गोष्ट चालवणारा आणि नियम सांभाळणारा) म्हणून बसल्यावर आणि दर नव्या खेळाडूला त्याच चुका नव्या उत्साहाने करताना पाहिल्यावर, आईची काळजी अगदीच अनाठायी नव्हती असे मला वाटू लागले आहे.

पुढचे सारे विवेचन २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीला धरून आहे, कारण माझ्या टेबलावर अजून तीच चालते. २०२४ च्या सुधारित नियमांमुळे जिथे खरोखर फरक पडतो तिथे तसे सांगेन.

१९७४ साली हा खेळ अमेरिकेत प्रथम छापला गेला तेव्हा त्यात लढवय्या, जादूगार आणि धर्मोपदेशक असे पात्रांचे तीनच वर्ग होते. 'चोर' हा वर्ग १९७५ च्या पुरवणीतून आला, आणि तो आला तो कुलूप उघडणे, सापळा निकामी करणे, दाराला कान लावून आतली चाहूल घेणे अशी बाकीच्यांना न जमणारी कामे करण्यासाठी. म्हणजे तो मुळापासून टोळीतला माणूस आहे. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत त्याचे नाव बदलून रोग झाले, तरी धंदा तोच राहिला. नव्या खेळाडूला मात्र एकांडा शिलेदार व्हायचे असते, आणि खाली ज्या चुका सांगणार आहे त्यांतल्या बहुतेकांचे मूळ या एका हौसेत आहे.

सर्वांत जास्त वेळा दिसणारी चूक स्नीक अटॅक, म्हणजे रोगाच्या वाराला मिळणारे नुकसानीचे जादा फासे, यांबद्दलची आहे. नावामुळे हा हल्ला लपून, अंधारातून, पाठीमागूनच करायचा असतो असा समज होतो आणि मग खेळाडू दर फेरीला कोपरा शोधत बसतो. प्रत्यक्ष नियमात पाठीचा उल्लेखही नाही. हातात फिनेस गटातले (चपळाईने चालवता येणारे) किंवा लांबून मारायचे शस्त्र हवे, आणि एकतर हल्ल्याला ॲडव्हान्टेज (वीस बाजूंचा फासा दोनदा टाकून मोठा आकडा घेण्याची सवलत) हवा किंवा लक्ष्याच्या पाच फुटांत त्याचा दुसरा एखादा शत्रू लढण्याच्या अवस्थेत उभा हवा. या दुसऱ्या प्रकारात तुमच्या हल्ल्याला डिसॲडव्हान्टेज (दोनदा टाकून लहान आकडा घेण्याची सक्ती) नसला म्हणजे झाले. तो 'दुसरा शत्रू' म्हणजे बहुतेक वेळा ढाल घेऊन पुढे घुसलेला तुमचाच सोबती असतो. तो एकदा भिडला की तुम्ही भर दुपारी, समोरून, सगळ्यांच्या देखत स्नीक अटॅक करू शकता.

हे जादा फासे चुकवण्याची किंमत किती, ते आकड्यांत पाहावे. पाचव्या लेव्हलच्या रोगाची डेक्सटेरिटी (चपळाई) १८ असेल तर त्याच्या रेपियरचा (निमुळत्या तलवारीचा) वार सरासरी साडेआठ गुणांचा असतो, आणि स्नीक अटॅकचे सहा बाजूंचे तीन फासे त्यात सरासरी साडेदहा गुणांची भर घालतात. ज्या फेरीत हे फासे पडले नाहीत त्या फेरीत निम्म्याहून अधिक कमाई बुडाली असे समजावे. फायटरला (लढवय्याला) याच लेव्हलला दुसरा हल्ला मिळतो, रोगाला तो कधीच मिळत नाही. त्याचे पोट या फाशांवरच आहे. मी स्वतः रोग खेळतो तेव्हाचे माझे स्नीक अटॅकचे फासे लाल आहेत आणि ते मी पात्राच्या कागदावर शस्त्राच्या नावाशेजारी मांडूनच ठेवतो. माझी पाळी येण्याआधी मी एवढेच विचारतो, "कोण कुणाला भिडलंय?" आणि उत्तर मिळाले की लक्ष्य ठरलेले असते. सर्वांत मोठा राक्षस निवडण्याचा मोह मला होत नाही, कारण त्याच्याजवळ कोणी उभे नसेल तर माझा बाण म्हणजे नुसता बाणच असतो.

दोन्ही हातांत शॉर्टसोर्ड (आखूड तलवार) घेण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो चुकीचा नाही. एक वार लागण्याची शक्यता साठ टक्के धरली तर दोन प्रयत्नांत किमान एक लागण्याची शक्यता ८४ टक्के होते, आणि एका टर्नला (पाळीला) स्नीक अटॅक एकदाच मिळत असल्यामुळे तो कुठल्या हाताने लागला याला महत्त्व नाही. परंतु दुसऱ्या हाताचा वार बोनस ॲक्शन (पाळीत मुख्य कृतीशिवाय करता येणारी एक जादा कृती) खातो, आणि दुसऱ्या लेव्हलपासून धावणे, अंग काढून घेणे किंवा लपणे यांसाठीही रोगाला तीच बोनस ॲक्शन लागते. म्हणून पहिला वार लागला की मी दुसरा करत नाही, मागे सरकतो. सल्ला वाचून आलेले नवशिके दोन्ही तलवारी चालवतात आणि मग शत्रूच्या पुढ्यात उभे राहून 'रोग फार लवकर मरतो' अशी तक्रार करतात.

आता ज्या वाक्याची मला सर्वाधिक धास्ती आहे त्याकडे वळतो. ते वाक्य असे: "तुम्ही इथेच थांबा, मी एकटाच आत जाऊन बघून येतो."

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात माझ्या टेबलावर हॉबगॉब्लिन राक्षसांनी बळकावलेली एक जुनी पाणचक्की होती. तिसऱ्या लेव्हलचा रोग, १८ हिट पॉइंट (एवढे नुकसान झाले की पात्र पडते), स्टेल्थला, म्हणजे चोरपावलांनी जाण्याच्या फाशाला, अधिक सात. खेळाडू हुशार होता, पण त्याला घाई फार होती. बाकीचे तिघे ओढ्याकाठी थांबले आणि हा एकटा दीडशे फूट पुढे गेला. फाटकावरच्या पहारेकऱ्यासमोर त्याचे फासा आणि सात मिळून २२ आले, अंगणात १९ आले, आणि दोन्ही वेळा त्याने टेबलावर थाप मारली. अंगणात चघळलेली हाडे पडली आहेत हे मी एकदा नव्हे, दोनदा सांगितले होते. गावातल्या कुठल्याही भुरट्या चोराला माहीत असते की वाड्यात शिरण्याआधी कुत्र्याचा बंदोबस्त करावा लागतो. आमच्या गड्याने हाडे ऐकली आणि सोडून दिली.

चक्कीघरात चार लांडगे होते. लांडग्याचे पॅसिव्ह पर्सेप्शन (चाहूल टिपण्याचा ठरलेला आकडा; लपणाऱ्याची बेरीज त्याहून कमी आली की तो सापडतो) १३ असते, पण वास आणि आवाज टिपण्यात त्याला ॲडव्हान्टेज असल्यामुळे नाकाने शोधताना ते १८ धरावे लागते. या वेळी त्याचा फासा आठवर थांबला, म्हणजे एकूण १५. लांडगे उठले. खरे तर अजूनही काही बिघडले नव्हते. चालीचे ३० फूट, ॲक्शन खर्चून धावण्याचे ३० आणि बोनस ॲक्शनचे आणखी ३०, असे ९० फूट तो एका पाळीत मागे येऊ शकत होता. लांडगा जीव तोडून धावला तरी ८० फूट येतो, आणि तसा धावला तर त्या पाळीत त्याला चावा घेता येत नाही. शिवाय ९० फूट मागे म्हणजे आमच्या क्लेरिकपासून (धर्मोपदेशकापासून) बरोबर ६० फुटांवर, त्याचा हीलिंग वर्ड हा जखमा भरणारा मंत्र जेमतेम पोहोचेल अशा ठिकाणी.

त्याने काय केले? एका लांडग्यावर बाण सोडला. जवळ सोबती नव्हता, ॲडव्हान्टेज नव्हता, त्यामुळे स्नीक अटॅकही नव्हता; अकरा हिट पॉइंटांच्या लांडग्याचे पाच गेले. मग बोनस ॲक्शनने तो पिठाच्या पोत्यांमागे 'लपला', फासा पुन्हा कमी पडला आणि चारही लांडगे नाक खाली घालून थेट पोत्यांकडे आले. तीन चाव्यांत १९ गुण गेले आणि तो पडला. चौथ्याचा चावा बेशुद्ध देहावर बसला, आणि पाच फुटांतून बेशुद्ध माणसावर लागलेला वार आपोआप क्रिटिकल (नुकसानीचे फासे दुप्पट करणारा) ठरत असल्याने दोन डेथ सेव्ह (जगण्यामरण्याच्या चाचण्या; तीन हरल्या की मृत्यू) एकदमच हरले. क्लेरिक होता बुटका ड्वॉर्फ, चाल २५ फूट. धावत निघाला तरी पहिल्या फेरीअखेर तो शंभर फूट दूरच होता. त्याची दुसरी पाळी आलीच नाही.

"पण मी तर लपलो होतो ना?" असे तो खेळाडू बराच वेळ म्हणत राहिला. लपला होता, पण डोळ्यांपासून, नाकापासून नव्हे. मला त्याच्या मरणापेक्षा अधिक खटकले ते हे की त्याआधीची पाऊण तास बाकीचे तिघे काहीही न करता बसून होते आणि त्यांतल्या एकाने तेवढ्या वेळात भडंगाचा अख्खा डबा संपवला.

एकट्याने टेहळणी करू नये असे माझे म्हणणे नाही. ते रोगाचे कामच आहे. पण प्रत्येक दारावर 'आणखी एकच खोली' म्हणणाऱ्याने साधा गुणाकार करून पाहावा: एका वेळी निसटण्याची शक्यता ८० टक्के असली तरी सलग तीनदा निसटण्याची शक्यता ५१ टक्क्यांवर येते. मी स्वतः रोग खेळतो तेव्हा दोन स्टेल्थ तपासण्या झाल्या की मागे फिरतो आणि पाहिलेले सगळ्यांना सांगतो, मग पुढे काही सोने चमकत असले तरी. साठ फुटांपलीकडे जात नाही, कारण हीलिंग वर्डची दोरी तेवढीच लांब आहे. आणि आत पाऊल टाकण्याआधी डीएमला विचारतो की उजेड कुठून येतो आहे आणि जनावरांचा वास येतो का. २०२४ च्या नियमांत लपण्यासाठी मुळातच किमान १५ आणावे लागतात, त्यामुळे तिथे तर 'बघू, जमेल' या वृत्तीला आणखीच कमी जागा आहे.

दुसरा माझा जुना राग सोबत्यांच्याच थैल्या कापणाऱ्यांवर आहे. "माझं पात्रच तसं आहे, मी काय करू?" असा खुलासा मिळतो, जणू पात्र आभाळातून पडले आणि याने ते नाइलाजाने उचलले. पाच सोन्याच्या नाण्यांसाठी ज्या पॅलाडिनचा (धर्मयोद्ध्याचा) खिसा कापला, तोच पॅलाडिन उद्या शत्रूच्या पाच फुटांत उभा राहून तुमचा स्नीक अटॅक चालू ठेवणार असतो. त्याने ठरवून दुसरीकडे उभे राहायचे म्हटले तर कुठलाही नियम त्याला अडवत नाही. माझ्या टेबलावर रोग घेणाऱ्याने पहिल्या सत्राआधी एक ओळ लिहून द्यायची असते: या टोळीतल्या कोणावर तुझा विश्वास आहे आणि का. ज्याला ही ओळ सुचत नाही त्याला मी दुसरा वर्ग घ्यायला सांगतो, आणि याबद्दल मला हुकूमशहा म्हटले गेले आहे.

तयार 'बिल्ड' (पात्राची आयती आखणी) उचलून आणणाऱ्यांचा ओढा बहुधा असॅसिन या रोगाच्या उपप्रकाराकडे असतो, कारण बेसावध शत्रूवर लागलेला वार क्रिटिकल होतो आणि त्यात स्नीक अटॅकचे फासेही दुप्पट होतात. कागदावर हे फार देखणे दिसते. पण शत्रू बेसावध राहण्यासाठी तुमच्या एकट्याचे पाऊल न वाजणे पुरेसे नसते. मागून प्लेट चिलखत घातलेला फायटर खडखडत येत असेल तर कोणीच बेसावध राहत नाही. टोळीत दोन चिलखतवाले असतील तर मी थीफ घेतो किंवा स्वॅशबकलर घेतो, हेही रोगाचेच उपप्रकार. त्यातल्या स्वॅशबकलरला एकास एक लढतीतही स्नीक अटॅक मिळतो, म्हणून ज्यांना शिलेदारी सुटतच नाही त्यांनी निदान तो घ्यावा. पहिल्या लेव्हलला बसून बाराव्या लेव्हलची मल्टिक्लास (एकाहून अधिक वर्गांची सरमिसळ) आखणी करणाऱ्यांना माझा एकच प्रश्न असतो: पुढच्या रविवारी काय करणार आहेस?

काही चुका एकेका ओळीच्याच आहेत. कॉन्स्टिट्यूशन (शरीराचा दणकटपणा) ८ ठेवू नये; पहिल्या लेव्हलला सात हिट पॉइंट म्हणजे एखाद-दुसरा बाण. पेटती मशाल हातात घेऊन चोरपावलांनी जाऊ नये, कारण तिचा लख्ख उजेड २० फूट आणि अंधुक उजेड त्यापुढे आणखी २० फूट पडतो, आणि ती दिसते त्याहूनही कितीतरी लांबून. डार्कव्हिजन (अंधारात पाहण्याची शक्ती) आहे म्हणून निर्धास्त राहू नये. गडद अंधार त्यातून अंधुकच दिसतो आणि पॅसिव्ह पर्सेप्शन पाचने खाली येते, मग पायाखालचा सापळा सापडत नाही. एक्सपर्टीज (निवडक कौशल्यांतले दुप्पट प्रावीण्य) खिसेकापूपणावर उधळू नये. माझी पहिली दोन स्टेल्थ आणि पर्सेप्शन यांवर ठरलेली असतात. धनुष्यवाल्यानेही कमरेला दोन खंजीर ठेवावेत, कारण ते फेकताही येतात, भोसकताही येतात आणि दोन्ही प्रकारे स्नीक अटॅकला चालतात.

शेवटची चूक जुन्या खेळाडूंचीही असते. स्नीक अटॅक 'दर राऊंडला एकदा', म्हणजे सगळ्यांची एकेक पाळी होईपर्यंत एकदाच, मिळतो असे ते धरून चालतात. नियमात तो दर टर्नला, म्हणजे कोणाच्याही प्रत्येक पाळीला, एकदा आहे. शत्रू तुमच्या जवळून पळू लागला आणि तुम्हाला ऑपॉर्च्युनिटी अटॅक (पळणाऱ्यावर करता येणारा वार) मिळाला, तर ती पाळी त्याची असल्यामुळे, अटी जुळत असतील तर तुमचे लाल फासे पुन्हा पडू शकतात. मात्र त्यासाठी रिॲक्शन (फेरीत एकदाच मिळणारी प्रतिक्रिया) जाते, आणि पाचव्या लेव्हलपासून अंगावर आलेल्या वाराचे नुकसान निम्मे करणारा अनकॅनी डॉजही त्याच रिॲक्शनवर चालतो. माझे हिट पॉइंट निम्म्याच्या खाली असतील तर मी पळणाऱ्याला पळू देतो.