जळितातलं पेट्रोल शोधायचं तर कोणती पद्धत आधी?

आगीच्या तपासातले नमुने हाताळायला नव्याने आलेले विद्यार्थी एकच प्रश्न विचारतात: सगळ्यात चांगली पद्धत कोणती? मी उलट विचारतो, डब्यात आहे काय, आणि तपासणीनंतर त्यातलं उरणार किती?

माझं बहुतेक काम हेडस्पेसवर, म्हणजे बंद डब्यात नमुन्यावर साचणाऱ्या वाफेवर, चालतं. जळका गालिचा हवाबंद डब्यात, वर ॲक्टिव्हेटेड चारकोलची पट्टी टांगलेली, आणि डबा ६० ते ९० अंश सेल्सिअसला रात्रभर ओव्हनमध्ये. वाफा पट्टीवर बसतात. सकाळी त्या कार्बन डायसल्फाइडमध्ये उतरवून जीसी-एमएसला (मिश्रणातले घटक वेगळे करणारं जीसी आणि ते ओळखणारं एमएस, असं जोडयंत्र) द्यायच्या. (हे द्रावक विषारी, शिवाय साधारण ९० ते १०० अंशांना ठिणगीविना पेट घेणारं. बाटली वाफा बाहेर खेचणाऱ्या फ्यूम हूडमध्येच उघडा.) मूळ नमुना जवळपास होता तसा राहतो, अर्धी पट्टी कापून जपताही येते. बचाव पक्षाने फेरतपासणी मागितली, तर तोच तुकडा उपयोगी पडतो.

पट्टीची एक खोड मात्र आहे. इंधन भरपूर असलं की जागा अपुरी पडते आणि जड घटक हलक्यांना हुसकावून लावतात. मग ताजं पेट्रोलही उडून गेल्यासारखं दिसतं. म्हणून आधी डब्यातली थोडी वाफ सिरिंजने घेऊन थेट जीसीत सोडायची आणि पट्टी किती वेळ ठेवायची ते त्यावरून ठरवायचं. इथेनॉल, ॲसिटोनही याच पायरीवर सहज सापडतात.

पेंटेन या द्रावकाने धुऊन काढणं मी शेवटी ठेवतो. डिझेलचा जड भाग त्यात नीट येतो, काच किंवा रिकाम्या बाटलीसाठी तर ते उत्तमच. पण गालिच्याचा फोम, गोंद असं सगळंच विरघळून येतं, द्रावण आटवताना हलके घटक उडतात आणि नमुना पुन्हा हेडस्पेसच्या कामाचा राहत नाही. एसपीएमईचा फायबर (वाफा शोषणारा लेप दिलेला बारीक धागा) काही मिनिटांत उत्तर देतो, द्रावक लागत नाही. पण त्याने शोषलेलं जीसीतच संपतं, जपायला काही उरत नाही.

प्रकल्पासाठी या पद्धतींची तुलना करणार असाल, तर तोच गालिचा पेट्रोलविना जाळलेला नमुना प्रत्येक पद्धतीतून काढा. जळताना गालिचा स्वतःच टोल्युइन आणि स्टायरीन सोडतो. पेट्रोल म्हणायला एथिलटोल्युइन आणि ट्रायमिथाइलबेंझीन या पेट्रोलमधल्या घटकांच्या शिखरांचं (जीसीच्या आलेखावरच्या उंचवट्यांचं) आपसातलं प्रमाण जुळावं लागतं, एखाददुसरं शिखर पुरत नाही. मातीचे नमुने असतील तर ते आल्याआल्या फ्रीझरमध्ये टाका. जिवाणू पेट्रोल खातात आणि मग कोणतीही पद्धत निवडली तरी शिखरं बिघडलेलीच येतात.