बरा दिसणारा भाऊ आणि २/३

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी आनुवंशिकीच्या पेपरात एक गणित आलं होतं. बहिणीला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार, आईवडील दोघेही वाहक (सदोष जनुक एकच, स्वतः आजारी नाहीत), भाऊ ठणठणीत. भावाची बायको वाहक आहे. त्यांच्या पहिल्या मुलाला आजार असण्याची शक्यता किती? मी १/८ लिहिलं आणि पाचापैकी शून्य मिळालं. वाईट वाटलं ते मार्क गेल्याचं. कुठे चुकलं हे मात्र मी कुणाला विचारायला गेले नाही. ती टाळाटाळ मला पुढे दोन वेळा नडली.

पनेट चौकट, म्हणजे आईवडिलांकडून मुलाला काय काय मिळू शकतं तो तक्ता, तुम्हाला येत असणार. ए म्हणजे चांगलं जनुक, एस म्हणजे सिकलसेलचं. आईवडील एएस आणि एएस, चार घरं: एक एए (निरोगी), दोन एएस (वाहक), एक एसएस (आजारी). माझा हिशेब असा होता: चारातली दोन घरं वाहकाची, म्हणून भाऊ वाहक असण्याची शक्यता १/२. दोन वाहकांचं मूल एसएस असण्याची १/४. गुणाकार १/८. वाचताना कुठे अडखळायला होत नाही, म्हणूनच ही चूक वाईट.

नंतर स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये ट्रिक मिळाली: ‘आजारी माणसाचं निरोगी भावंड दिसलं की २/३ धरा.’ मी ती पाठ केली आणि सराव पेपरात गणितं सुटायला लागली. मग तोंडी परीक्षेत प्रश्न आला: आई हिमोफिलियाची, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजाराची वाहक, वडील निरोगी, एक भाऊ आजारी; निरोगी बहीण वाहक असण्याची शक्यता? मी झटकन २/३ म्हणाले. चूक. तिथे उत्तर १/२ आहे. परीक्षकांनी ‘का?’ विचारलं आणि माझ्याकडे एक शब्दही नव्हता. तेव्हापासून माझं ठाम मत झालंय: कारण न सांगता ट्रिक देणारा शिक्षक तुमचं भलं करत नाही, मग त्याच्या क्लासचा निकाल कितीही चांगला असो.

कारण मला कळलं ते पूर्व विदर्भातल्या एका गावात, सिकलसेल तपासणीच्या शिबिरात. पंचविशीतला एक मुलगा समोर बसला होता. बहीण एसएस, त्याचं लग्न ठरत होतं. ‘मॅडम, माह्यात असंन का हो ते?’ मी १/२ आणि २/३ यांच्यात अडकून गप्प बसले. शेजारी आमच्या लॅब टेक्निशियन ताई होत्या. त्यांनी कागदाचे चार तुकडे करून त्यावर एए, एएस, एएस, एसएस लिहिलं आणि माझ्यापुढे ठेवून विचारलं, ‘पोरगा बिमार हाय का?’ मी नाही म्हटलं. त्यांनी एसएसचा तुकडा उचलला. ‘मंग हा कायले ठेवला?’

उरले तीन. त्यातले दोन वाहक. म्हणून २/३.

एवढंच आहे, पण थोडं थांबा, कारण मी इथेच वर्षभर घसरत होते. चौकटीतली चार घरं अजून जन्माला न आलेल्या मुलासाठी असतात. समोरच्या माणसाबद्दल काहीही कळलं, की त्या माहितीशी न जुळणारी घरं खोडायची आणि उरलेल्यांत मोजायचं. भावासाठी २/३, मग मुलासाठी २/३ गुणिले १/४, म्हणजे १/६. मुलाच्या वेळी काही खोडायचं नाही, त्याच्याबद्दल आपल्याला अजून काहीच माहीत नाही. आणि हिमोफिलिया? दोष एक्स गुणसूत्रावर, वडील निरोगी आणि मुलीला त्यांचा चांगला एक्स मिळतोच, म्हणून मुलींना आजाराचं घरच नाही. वाहक आणि वाहक नसलेली अशी दोन घरं होती, दोनच राहिली, खोडायला काही नाही: १/२. पाठ केलेली ट्रिक तिथे मेली ती यामुळे.

मेंडेलच्या वाटाण्यांवरच्या १८६६च्या निबंधात हेच २/३ उघड मांडलेलं आहे. आपण ३:१ (तीन गोल बियांमागे एक सुरकुतलेली) पाठ करून पुढे जातो. त्याने दुसऱ्या पिढीतल्या गोल बियांपासून ५६५ झाडं वाढवली. १९३ झाडांना फक्त गोल बिया आल्या, ३७२ झाडांना गोल आणि सुरकुतलेल्या दोन्ही. जवळपास एकास दोन. गोल दिसणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश आत सुरकुतलेपणा घेऊन होते. हे मला बी.एस्सी.लाच कुणी दाखवायला हवं होतं.

प्रत्यक्ष कामात आणखी एक गोष्ट कळते. ‘बरा दिसतो’ म्हणून एसएस खोडणं गणितात चालतं, माणसाच्या बाबतीत नाही. काही एसएस व्यक्तींना वर्षानुवर्षं फारसा त्रास होत नाही. सॉल्युबिलिटी टेस्ट ही पहिली साधी रक्तचाचणी पॉझिटिव्ह आली तर एएस की एसएस हे तिच्यावरून कळत नाही, त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे दाखवणारी तपासणी लागते. तो रिपोर्ट हातात आला की २/३ संपतं. त्या मुलाचा एएस आला. आता तो शंभर टक्के वाहक होता आणि सारा प्रश्न होणाऱ्या बायकोच्या तपासणीवर आला. ती एए निघाली तर मुलं एसएस होणार नाहीत, हे ऐकल्यावर त्याचा चेहरा सैल झाला. वाहक म्हणजे ‘अर्धा आजारी’ नव्हे, हेही त्याला सांगावं लागलं. गावात तसंच बोलतात आणि त्या बोलण्याने स्थळं मोडतात.

आयाही विचारतात, ‘एकीला झालं, आता पुढची तीन चांगली ना?’ नाही. दर बाळंतपणाला १/४ नव्याने. हे सांगताना माझा आवाज अजून बारीक होतो, पण सांगते.

 

तुम्हाला हे अवघड जात असेल तर तुमची बुद्धी कमी आहे असं नाही. मलाही पेपर, तोंडी परीक्षा आणि एक शिबिर लागलं. कागदाचे तुकडे करा, खरोखर करा, मनात नको. हे करून बघा: हिमोफिलियाच्या वाहक आईची तीच मुलगी, तिला आता दोन मुलगे आहेत, दोघेही निरोगी. ती वाहक असण्याची शक्यता किती? आठ तुकडे घ्या, चार वाहक, चार नाहीत. वाहक बाईला दोन्ही मुलगे निरोगी होण्याची शक्यता १/४, म्हणून वाहकांचे तीन तुकडे उचला. उरले पाच, त्यात वाहक एक.