स्वसंरक्षणासाठी हातातला लेझर: आधी कायदा तपासा

सुरुवात लेबलापासून करा. त्यावर वर्ग (धोक्याची पातळी), मिलिवॅट (झोताची शक्ती) आणि तरंगलांबी (नॅनोमीटरमध्ये, यावरून रंग ठरतो) या तीन गोष्टी हव्यातच. वर्ग 2 म्हणजे 1 मिलिवॅटपर्यंत. पापणी पाव सेकंदात मिटते आणि डोळा वाचतो. 3आर 5 मिलिवॅटपर्यंत, 3बी 500 पर्यंत, त्यापुढे वर्ग 4. लेबल नसेल तर घेऊच नका. छापलेल्या आकड्यावरही डोळे झाकून विश्वास नको. हिरव्या पॉइंटरमध्ये बहुधा 808 नॅनोमीटरचा डायोड आतल्या स्फटिकाकडून 1064 चा किरण काढतो (हे दोन्ही इन्फ्रारेड, डोळ्यांना न दिसणारे) आणि दुसरा स्फटिक त्याचा 532 चा हिरवा करतो. पैसे वाचवायला इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर गाळला की न दिसणारे किरणही बाहेर पडतात, आणि जे दिसतच नाही त्याला पापणी मिटत नाही. काडी पेटवणारा झोत 5 मिलिवॅटचा नसतो, लेबल काहीही म्हणो.

मग कायदा. घेणं, सोबत बाळगणं आणि वापरणं यांचे नियम वेगवेगळे असतात. लोक पहिला पाहतात आणि दुसऱ्यात अडकतात. ऑस्ट्रेलियात 1 मिलिवॅटवरचा पॉइंटर मागवायला परवानगी लागते, अमेरिकेत पॉइंटर म्हणून विकायची मर्यादा 5 आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये इजा करायच्या हेतूने सार्वजनिक जागी बाळगलेली कुठलीही वस्तू 1953 च्या कायद्याने हत्यार ठरू शकते. म्हणजे ‘कुणी अंगावर आलं तर डोळ्यांत मारीन’ हे उत्तरच तुमच्याविरुद्ध पुरावा होतं.

वापराची मोठी कसोटी ही: प्रतिकार धोक्याच्या प्रमाणात होता का? 3बी किंवा वर्ग 4 चा झोत डोळ्याचं भिंग दृष्टिपटलावर एका टिंबात गोळा करतं. पापणी मिटायच्या आत तिथे कायमचा डाग पडू शकतो. पाकीट ओढणाऱ्याची दृष्टी गेली तर न्यायालय त्याला गंभीर दुखापत म्हणेल. शिवाय हल्लेखोर थांबेलच असं नाही, आणि काचेवरून परतलेला झोत तुमच्याही डोळ्यांत जातो. आंधळं करणाऱ्या लेझरवर बंदी घालणारा 1995 चा आंतरराष्ट्रीय करार राष्ट्रांना बांधतो, व्यक्तींना नाही. तो इथे उगाच पुढे केला जातो.

विमान किंवा वाहनाकडे तर कधीच रोखू नका: अमेरिकेत विमानासाठी, ब्रिटनमध्ये वाहनासाठीही, 5 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आपल्या भागातली सीमाशुल्काची यादी, शस्त्रकायद्यातली व्याख्या आणि विमानवाहतुकीचे नियम, या क्रमाने वाचा. तोवर प्रखर टॉर्च आणि कर्कश अलार्म जवळ ठेवा.